निष्ठा कोणीं मोडली?

निष्ठा हा सद्गुण आहे, याविषयीं फारसें दुमत आढळत नाहीं. दुमत होतें तें ती कोणावर ठेवावी आणि केव्हां सोडावी, या ठिकाणीं. मित्र, गुरु, स्वामी यांच्यावरील निष्ठेचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु साध्या मतदाराची पक्षावरील निष्ठा ही मागाहून आलेली वस्तु असल्यामुळें तिचे विधिनिषेध अजून ठरलेले नाहींत. लोकप्रतिनिधीच्या पक्षांतरास आळा घालण्याकरितां आपल्या देशांत १९८५ सालीं कायदा झाला. (त्यानें किती जण आंवरले गेले, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको.) मतदारानें पक्ष सोडला तर त्यास कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये. तरी त्याचें मन त्याला विचारतेंच.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो या राज्याची गोष्ट या संबंधांत मननीय आहे. १८९६ पासून २०१६ पर्यंत अध्यक्षपदाच्या एकतीस निवडणुकी झाल्या. त्यांपैकीं १९४४ आणि १९६० या दोनच वेळीं ओहायोचा कौल देशाच्या कौलाहून निराळा पडला. शेतकरी, पोलादकामगार, विद्यापीठें, लहानमोठीं शहरें असें सर्व प्रकारचें मिश्रण तेथें असल्यामुळें देशाची नाडी पाहावयाची ती ओहायोंत, असें मानीत. २०१२ सालीं ओबामा तेथें सुमारे तीन टक्क्यांनीं विजयी झाले. २०१६ सालीं ट्रंप आठ टक्क्यांनीं. २०२० सालीं देशानें बायडन यांस निवडलें तरी ओहायो ट्रंप यांच्याकडेच राहिलें. आणि २०२४ सालीं अंतर अकरा टक्क्यांवर गेलें. तेव्हां ओहायोची निष्ठा पालटली असें लोक म्हणूं लागले, यांत नवल नाहीं.

परंतु राज्याला मन असतें काय? सिनसिनाटी शहर ज्या हॅमिल्टन परगण्यांत आहे तो १९६४ नंतर प्रथमच २००८ सालीं डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळला, तो पुढील निवडणुकींतही तिकडेच राहिला. त्याच अवधींत माहोनिंग परगणा उलट दिशेनें सरकला. शिवाय माणसें मरतात, गांव सोडतात. यंग्स्टाउनची लोकसंख्या १९३० सालीं सुमारे १,७०,००० होती, ती २०२० सालीं ६०,००० च्या घरांत आली. एकाही मनुष्यानें मत न बदलतां एखाद्या प्रांताचें मत बदलूं शकतें. तें कांहीं असो. नीतीचा प्रश्न उरतो तो जागेवर राहून ज्यांनीं पक्ष बदलला त्यांचा.

यंग्स्टाउन हें पोलादाचें गांव. तेथील कामगार डेमोक्रॅटिक पक्षाला मत देई तें जाहीरनामा वाचून नव्हे. बापानें मुलाला कारखान्यांत चिकटवून द्यावें, मजूरसंघाच्या वर्गणीची पावती त्याच्या हातीं ठेवावी, आणि मत कोणास द्यावयाचें हें वेगळें सांगूंही नये, असा क्रम. १९ सप्टेंबर १९७७ रोजीं, सोमवारीं, यंग्स्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीनें आपला कॅम्बेल येथील कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें. सुमारे ५,००० लोकांची रोजी गेली. त्या दिवसास तेथें काळा सोमवार म्हणतात. पाठोपाठ इतर कारखानेही गेले. मत मात्र राहिलें! शेजारच्या देशांशीं खुल्या व्यापाराचा करार १९९३ सालीं डेमोक्रॅटिक अध्यक्षाच्याच सहीनें कायदा झाला, तरीही राहिलें. ही निष्ठा थोर कीं भोळी, हें ठरविणें आम्हांस कठीण वाटतें. पक्षानें आधीं आम्हांस सोडलें, मग आम्हीं त्यास, असें अशा गांवचा मनुष्य म्हणाला तर त्यास विश्वासघातकी म्हणण्याचें धैर्य आम्हांस होणार नाहीं.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. जुलै २०१७ मध्यें ट्रंप यांनीं यंग्स्टाउनच्या सभेंत, घरें विकूं नका, नोकऱ्या परत येणार आहेत, असें सांगितलें. मार्च २०१९ मध्यें जवळच्या लॉर्ड्सटाउन येथील जनरल मोटर्सचा कारखाना थांबला. आणि नोव्हेंबर २०२० मध्यें माहोनिंग परगण्यानें १९७२ नंतर प्रथमच रिपब्लिकन पक्षाला कौल दिला. वचन मोडणाऱ्यास सोडावें हाच जर न्याय, तर तो दुसऱ्या खेपेस कोठें गेला?

आमच्या मतें पहिल्या खेपेसही तो केवळ हिशेब नव्हता. आपल्या दुःखाचा उच्चार कोणीतरी चारचौघांत करावा, ही भूक भाकरीच्या भुकेइतकीच खरी आहे. एका पक्षानें चाळीस वर्षें तो उच्चार हळू आवाजांत केला; दुसऱ्यानें मोठ्यानें केला. तेव्हां जुनी निष्ठा मोडली असें म्हणण्यापेक्षां ती तशीच्या तशी, हिशेब न मागणारी, दुसऱ्या घरीं राहावयास गेली असें म्हणणें अधिक खरें होईल.

यावर कोणी म्हणेल, हिशेब मागते ती निष्ठा कसली? तो व्यापार झाला. मित्राच्या बाबतींत हें आम्हांस मान्य आहे. परंतु मित्रावरील निष्ठेची किंमत बहुधा आपण स्वतः देतों. पक्षावरील निष्ठेची किंमत पुष्कळदां तिसराच देतो, कारण पक्षाच्या हातीं आपण राजदंड देतों. बर्कनें १७७० सालीं पक्षाची व्याख्या केली ती तत्त्वानें एकत्र आलेल्या लोकांचा समूह अशी. तत्त्व सुटलें म्हणजे उरतो तो नुसता समूह. आणि त्यास चिकटून राहण्यांत पुण्य तें कोणतें? (आम्हां अध्यापकांस हें बोलणें सोपें आहे. आमचा कारखाना कोणी बंद केलेला नाहीं.)

हिशेब मागण्याची शक्ति त्या लोकांत नाहीं असें मात्र नव्हे. राज्यघटनेंत दुरुस्ती करण्यास साठ टक्के मतें लागावींत, ही रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाची सूचना ओहायोच्या मतदारांनीं ऑगस्ट २०२३ मध्यें फेटाळली, आणि नोव्हेंबरांत गर्भपाताचा हक्क सुमारे ५७ टक्के मतांनीं घटनेंत घातला. पुढच्याच वर्षीं सुमारे ५५ टक्के मतें ट्रंप यांस मिळालीं. दोन्ही खेपांस मत देणारे असे पुष्कळ असले पाहिजेत. त्यांस विसंगत म्हणण्याची घाई आम्ही करणार नाहीं; एकदां त्यांस प्रश्न विचारला होता, आणि एकदां, तुम्ही कोणाचे, असें.