थोडेच, पण घट्ट

अलिबाग-मुरूडकडचे एखादे मूल कॉलेजच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून सहा महिन्यांसाठी परदेशी निघते, तेव्हा बॅगेच्या वजनाची काळजी सगळे घर करते. सोबत दिलेल्या सूचनांचे वजन मात्र कोणी करत नाही. हे खाऊ नकोस, ते घालू नकोस, अमक्यांत मिसळू नकोस, रोज रात्री फोन कर. यातली प्रत्येक सूचना मायेपोटीच आलेली असते. तरीही परक्या देशात रुळायचे असेल, तर माणसाने थोड्याच गोष्टी घट्ट धरायच्या असतात आणि बाकीच्या मोकळ्या मनाने सोडायच्या असतात. त्या सोडण्याची मुभा घरानेच तोंडाने द्यायला हवी, ती मुलाच्या अंदाजावर ठेवू नये.

याचा सर्वांत ठळक दाखला आनंदीबाई जोशींचा आहे. टपाल खात्यात असलेले त्यांचे पती गोपाळराव यांची बदली अलिबागला झाली, तेव्हा आनंदीबाईही याच किनाऱ्यावर राहिल्या होत्या. पुढे 1883 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डॉक्टर होण्यासाठी त्या पतीला मागे ठेवून अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. धर्म, आहार, पोशाख यांतले काहीच बदलणार नाही, असे वचन देऊन फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याला सामोरे जायचे होते. तिथे त्या शाकाहारी राहिल्या. नऊवारी मात्र त्यांनी पुढे सोडली आणि पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. 1885 च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्या साडीत आहेत, शेजारी किमोनोतली जपानी विद्यार्थिनी आणि सीरियाच्या पेहरावातली तिसरी सहाध्यायी. पाहणाऱ्याला त्यात केवळ निष्ठा दिसते. पण साडी नेसण्याची पद्धत बदलण्याइतक्या साध्या गोष्टीसाठीही त्यांना मनाशी आणि घराशी झगडावे लागले. तिकडच्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीची माया दिली, आणि नवऱ्याच्या पत्रांतून मात्र संशयाचे बोल येत राहिले. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचा दोष त्या वचनाला देणे न्यायाचे होणार नाही. परंतु आजारी शरीराला अभ्यासाइतकेच ओझे वचनांचेही वाहावे लागले, हे नाकारता येत नाही.

यावर आक्षेप येईल, की एकदा सैल सोडले म्हणजे थांबायचे कुठे? आज पोशाख, उद्या आहार, परवा आपली माणसेच. या भीतीला उत्तर रायगडच्याच किनाऱ्याने देऊन ठेवले आहे. बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. त्यांनी इथली भाषा घेतली, साडी घेतली, तेलाचा घाणा घेतला. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावेही घेतली. सोडले नाही ते थोडेच: शनिवारचा विसावा, सुंता, शेमाची प्रार्थना आणि आहाराचे काही नियम. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले आणि त्यापलीकडे त्यांच्यापाशी काही मागितले नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कालवणात नारळाचा रस आला. एलिया हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात पोहे, गूळ आणि ओले खोबरे आले. श्रद्धा जुनी आणि ताटातले जिन्नस कोकणातले, असे शतकानुशतके चालले. पुढे यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले, तेव्हा मराठीही बरोबर गेली. तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत राहिले. इतके सारे स्वीकारूनही हा समाज विरघळून गेला नाही, कारण काय सोडायचे नाही याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता.

कोणी म्हणेल, त्यांच्यामागे अख्खा समाज होता आणि हाताशी शतके होती. एकट्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी हा हिशेब कशाला? सत्र संपले की तो परत येणारच आहे. खरे तर एकट्याला ओझे कमीच झेपते, म्हणून त्याची यादी आणखी लहान हवी. आणि मुदत थोडी असल्यामुळे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. संध्याकाळभर घरच्यांशी व्हिडिओ कॉल आणि सुट्टीच्या दिवशी फक्त आपल्याच गाववाल्यांची सोबत, अशाने सत्र पदरात पडते, पण तिथला शेजारी, तिथली भाषा, तिथली विचार करण्याची रीत अनोळखीच राहते. ज्यासाठी पाठवले तेच हातून निसटते.

म्हणून मूल निघण्याआधी घराने त्याच्यासोबत बसावे. काय जपायचे ते त्याने स्वतः ठरवावे. खोटे न बोलणे, व्यसनापासून दूर राहणे, आपल्या श्रद्धेचा एखादा नेम, अशा दोन-तीन गोष्टी पुरेत. बाकीच्या बाबतीत आई-वडिलांनी स्पष्ट सांगावे, की तिथे जे योग्य वाटेल ते कर, आम्ही जाब विचारणार नाही. हे बोलणे पालकांना जड जाईल, कारण धाक सोडून विश्वास ठेवायचा असतो. पण दूर गेलेल्या लेकराला सांभाळण्याचा विश्वासाइतका भक्कम उपाय आपल्या हाती दुसरा नाही.