आढ्यावरचा कोंबडा

गोव्यात साष्टीतल्या एका गावात कौलारू घरं शाकारणारा एक म्हातारा मेस्त होता. त्याच्याकडे एक पोरगा शिकायला आला. मातीत हात चांगला चालायचा त्याचा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या आढ्यांवर कोंबडे, शिपाई दिसतात ना, तसे घडवून बसवायची त्याला हौस.

मेस्ताने त्याला मंगळुरी कौलांच्या ढिगापुढे बसवलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं किनारपट्टीभर पसरली. त्यांना खिळा लागत नाही. कौल टाचेने रिपेला अडकतं आणि शेजारच्या खाचेत बसतं. पोराने प्रत्येक कौलाला टिचकी मारायची. खणखणीत वाजेल ते वर चढवायचं, बद्द वाजेल ते बाजूला टाकायचं. छपरावर चालतानाही पाऊल खाली रीप असेल तिथेच.

उन्हाळा यातच संपला. "मेस्त, कोंबडा कधी बसवायचा?"

"पाऊस पडू दे."

आषाढात एका घराचा दिवाणखाना गळू लागला. मेस्ताने पोराला एकट्यालाच पाठवलं. थेंब पडत होता त्याच्या बरोबर वरचं कौल त्याने बदललं. तरी गळती सुरूच. शेजारची दोन बदलली, तरीही तेच. शेवटी माळ्यावर चढून त्याने कंदील धरला, तेव्हा वाशावरून खाली येणारी ओली रेघ दिसली. तिच्या मागे मागे तो थेट आढ्यापर्यंत गेला. वर देखणा कोंबडा उभा होता. कुणीतरी तो कडक सिमेंटात रोवला होता. उन्हाने आढ्यावरच्या कोन्याच्या कौलाशी सिमेंटाचा सांधा सुटून केसाएवढी भेग पडली होती. पाणी तिथून शिरायचं, वाशावरून हातभर वाहायचं आणि मग टपकायचं.

पोराने परत येऊन सगळं सांगितलं. मेस्ताने विचारलं, "कोंबडा कसा होता?"

"सुंदर होता. पण घर त्याच्यामुळेच गळत होतं."

"उघडीप मिळाली की चुना कालव. आता तूच बसव."

तो पोरगा आज स्वतः मेस्त आहे. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या पावसाळ्याआधी तो मातीला हात लावू देत नाही. गोव्यात गेलात तर आढ्यावरचे कोंबडे जरूर बघा. पण कारागिराची पारख करायची असेल तर आषाढात जा आणि घरात शिरून वर बघा.