मोडलेला पाय आणि माणसाचा मान

उपासक-उपासिकांनो, धम्मदीक्षा घेतल्यापासून आपण मोठमोठे प्रश्न विचारू लागलो. ईश्वर आहे काय? आत्मा आहे काय? कर्म म्हणजे नेमके काय? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु घराच्या शीलाची परीक्षा बहुधा अशा प्रश्नांवर होत नसते. घरातले एखादे माणूस दोन महिने अंथरुणाला खिळले म्हणजे ती होते. म्हणून आज एका साध्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. पायाचा घोटा मोडला, तर तो बरा होईतो आजाऱ्याने कसे वागावे, घरच्यांनी कसे वागावे, आणि या काळात माणसाचा मान कशाने राहतो व कशाने जातो?

मानाचा हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त बोचतो. ज्यांच्या वाडवडिलांना भाकरीच्या तुकड्यासाठी दारोदार उभे राहावे लागले, त्यांच्या लेकराबाळांना कोणाचे उपकार नको वाटणे साहजिक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला, आणि तो जिवापाड जपण्यासारखाच आहे. पण या स्वाभिमानाचा एक तोतया घराघरात फिरत असतो. तो सांगतो, कुबडी घेऊ नकोस, लोक हसतील. तो सांगतो, बायकोचे शौचाचे भांडे उचलू नकोस, तू पुरुष आहेस. या तोतयाला ओळखायचे कसे?

बाबासाहेबांचा स्वतःचा पाय एकदा मोडला होता. त्याची हकिकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याच्या बाजूच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला होता. महारवाडा स्टेशनापासून दोनेक मैल, पायी जाण्यासारखा. तरी बाबासाहेबांना तासभर थांबवून ठेवले, आणि मग एक टांगा आला. टांगा हाकणारा इतका अडाणी की थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या फरशीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा खाली नदीत गेला. पाय मोडला. लोकांनी त्यांना उचलून महारवाड्यात नेले. बायामुले रडत होती.

मागाहून खरा प्रकार कळला. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. पाहुण्याला पायी नेणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक जण पुढे बसला. मूळ पाप टांगेवाल्यांच्या मनातील विटाळाचे आहे, यात संशय नाही, आणि बाबासाहेबांनी ते स्पष्ट मांडले आहे. परंतु आपल्या माणसांची चूकही त्यांनी झाकलेली नाही. प्रवाशाचा मान राखण्याच्या भरात प्रवाशाचा जीव सांभाळायचा राहिला, असे त्यांनी नोंदवून ठेवले. रागावून नव्हे, समजून. पायी गेले असते तर मान गेला नसता आणि पायही वाचला असता.

पुढल्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याचे नेतृत्व बाबासाहेबांनी केले. मानासाठी कोठे उभे राहायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते ठिकाण टांग्याची बैठक नव्हते.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. सातपूरकडील एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात एका उपासिकेचा पाय नळाच्या शेवाळलेल्या ओट्यावरून घसरला. एक्स-रेत घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे हाड मोडलेले दिसले. ते जागचे सरकले नव्हते, म्हणून शस्त्रक्रिया लागली नाही. गुडघ्याखाली प्लास्टर झाले. डॉक्टरांनी सांगितले, सहा आठवडे, आणि आम्ही सांगेपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही. नवरा कारखान्यात कामाला, माणूस निर्व्यसनी, सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील म्हणणारा, वर्षावासात ग्रंथवाचनाला न चुकता बसणारा. पहिले तीन दिवस त्याने चहा केला, शेजारणींनी भाकरी दिल्या. चौथ्या दिवसापासून घर आपोआप जुन्या वळणावर गेले. तिसऱ्या आठवड्यात ती बाई एक कुबडी काखेत धरून, प्लास्टरचा पाय टेकवून ओट्यापाशी उभी होती आणि पीठ मळत होती. तिला कोणी ‘ऊठ’ म्हटले नव्हते. ‘पडून राहा’ असेही कोणी म्हटले नव्हते.

पुढच्या एक्स-रेत हाड थोडे सरकलेले निघाले. नवे प्लास्टर, नवी मुदत. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, “बसून खायची लाज वाटते, दादा.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही बाळंतपणानंतर आठव्या दिवशी निंदायला जात होतो.” त्या माउलीचे बोलणे खोटे नाही. पण तो तिच्यावर झालेला जुलूम होता. जुलूम सुनेच्या ओटीत वारसा म्हणून घालायचा काय?

शेजारच्या एका बाईने तर मागच्या जन्मीचे पाप काढले. याला उत्तर भगवंतांनी मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला देऊन ठेवले आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माचेच फळ, असे म्हणणारे लोक आपल्याला कळते त्याच्या आणि जगात खरे मानले जाते त्याच्याही पलीकडे जातात, असे त्यांनी सांगितले. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, स्वतःची हयगय, अचानक झालेला आघात, अशी कितीतरी कारणे त्यांनी वेगळी मोजून दाखवली. शेवाळलेला ओटा हे कारण पुरेसे आहे. तो घासून काढावा.

बसून खाण्याच्या लाजेचे काय? राजगृहाला देवदत्ताने शिळा लोटली आणि तिची कपची लागून तथागतांचा पाय जखमी झाला. वेदना तीव्र होत्या. भिक्खूंनी त्यांना उचलून नेले, आणि जीवकाने जखमेवर औषध बांधले, असे अट्ठकथेत आहे. तथागत उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, स्मृती जागी ठेवून पडून राहिले. तेव्हा मार आला आणि त्याने टोचून विचारले, हे काय, सुस्त होऊन झोपलास? करायला काही काम नाही काय? संयुत्त निकायात हा संवाद आहे. तथागत गडबडून उठून बसले नाहीत. सर्व प्राण्यांविषयी अनुकंपा बाळगूनच मी पडलो आहे, असे त्यांनी त्याला सांगितले. आपल्या उपासिकेच्या मनात जी लाज बोलत होती, ती माराचीच भाषा होती. दुखरा पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून पडणे हे त्या दिवसांत आजाऱ्याचे काम असते. सूज त्यानेच उतरते.

कोणी म्हणेल, भगवंतांनी तर अत्तदीप व्हा, स्वतःचा आधार स्वतः व्हा असे सांगितले. मग दुसऱ्याच्या खांद्यावर हात कसा ठेवावा? हे वचन कोणत्या वेळचे आहे ते पाहा. बेलुव गावी भगवंत कठीण आजारातून उठले होते. वय ऐंशी. आपले शरीर जुन्या गाड्यासारखे दोऱ्या-पट्ट्यांनी बांधून कसेबसे चालले आहे, असे ते आनंदाला सांगत होते, आणि त्याच बोलण्यात अत्तदीप होण्याचा उपदेश आहे. म्हणजे हे सांगणाऱ्याजवळ शुश्रूषा करणारा आनंद बसलेला होता. स्वतःचा आधार होणे म्हणजे आपला विवेक दुसऱ्याच्या हवाली न करणे. पाण्याचा तांब्या कोणाच्या हातून घेतला याच्याशी त्याचा संबंध नाही.

नवऱ्याची अडचण निराळी होती, आणि तिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. तो वाईट माणूस नव्हता. प्लास्टर लागलेल्या बाईला उकिडवे बसता येत नाही, आणि संडास भारतीय पद्धतीचा. तिला भांडे द्यावे लागे. ते उचलण्याची त्याला लाज वाटे, आणि त्याच्याकडून उचलून घेण्याची तिला. म्हणून ती पाणीच कमी पिऊ लागली. दोघेही आपापला मान राखत होते! विनयपिटकाच्या महावग्गात एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडल्याची कथा आहे. इतर भिक्खू त्याच्याजवळ जात नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग त्यांनी संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. ही कथा विहारात वाचताना आपण सारे माना डोलावतो. त्याच भगवंतांचा उपासक घरचे भांडे उचलायला लाजत असेल, तर वाचन कानापर्यंतच पोचले म्हणायचे. आणि त्या भिक्खूच्या जागी आपल्या घरातली बाई ठेवून पाहा. जोवर ती राबते तोवर उपयोगी. दोन महिने हात थांबले की ओझे? बाबासाहेबांनी समता सांगितली ती सभेपुरती नव्हती. पुरुषाचा पाय मोडतो तेव्हा बायकोने रजा काढून सेवा केली म्हणून तिचा कोणी सत्कार करत नाही. उलट घडले तर मात्र नवऱ्याचे कौतुक गल्लीभर होते. हा फरक कोणत्या शीलात बसतो, ते मला कोणी सांगावे.

महावग्गात आजाऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही. जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, शुश्रूषा करणाऱ्याला आपले दुखणे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही, त्याची सेवा करणे कठीण, असे तेथे म्हटले आहे. खरे सांगणे याला प्लास्टरच्या दिवसांत फार महत्त्व आहे. बोटे निळी किंवा गार पडली, बधिर झाली, आत असह्य ठणका लागला, तर प्लास्टर आवळत असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागू लागला तर मुळीच थांबू नये. खाज सुटली म्हणून आत काडी घालू नये. घरच्यांना त्रास नको म्हणून हे दडवून ठेवणे हा चांगुलपणा नव्हे. तंबाखू आणि विडीने हाड जुळायला उशीर होतो, तेव्हा पाचवे शील या कामीही उपयोगी पडते. हाडवैद्याकडे जाऊन मोडलेल्या घोट्याला मालीश करणे आणि घट्ट फळ्या बांधणे यात पाय कायमचा गमावण्याची भीती असते.

प्लास्टर निघाल्यावर उलट दिशेची चूक होते. पाय बारीक झालेला, कातडी कोरडी, घोटा लाकडासारखा ताठ. तो पाहून आजारी घाबरतो आणि पाऊलच टाकत नाही. घरचेही आता प्रेमाने उठू देत नाहीत. येथे सेवा करणाऱ्याने हात आखडता घ्यायला शिकले पाहिजे. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाऊल वर-खाली करणे, गोल फिरवणे, दिवसातून चार-पाच वेळा. मग दोन कुबड्यांवर थोडा थोडा भार. कुबडीचा भार तळहातांवर घ्यायचा, काखेत नव्हे. पुढे एकच काठी राहिली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबडी आणि दुखरा पाय. संध्याकाळी सूज येणे काही महिने चालूच राहते, त्याने घाबरू नये. त्रिरश्मीच्या पायऱ्या पुढल्या बुद्धपौर्णिमेला चढू. यंदा पायथ्याच्या विहारात वंदना केली तरी चालेल.

त्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक शिलालेख आहे. तिसऱ्या शतकातला. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने लेण्यातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली, आणि ती गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे गुंतवली, असे त्यात कोरले आहे. त्या श्रेणींत तेल्यांचीही एक होती. नाशिकच्या डोंगरावर, एका बाईच्या नावे, आजाऱ्यांच्या औषधाची सोय! आपल्या मुलांना हा लेख दाखवला पाहिजे.

आपल्या वस्त्यांतील विहार समित्यांनी त्याच वाटेने एक लहानसे काम हाती घ्यावे. कारखान्यातल्या विमा असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेचे काही पैसे मिळतात. द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बाईचा रोज मात्र पाय मोडल्या दिवसापासून बंद होतो, आणि कुबड्या, भांड्याची खुर्ची विकत घेणे तिला जड जाते. या वस्तू एका घरी दोन-तीन महिनेच लागतात, मग माळ्यावर धूळ खातात. ज्यांच्याकडे त्या पडून असतील त्यांनी विहारात आणून द्याव्यात. सातपूरकडील त्या उपासिकेने आपल्या कुबड्या देण्याचे कबूल केले आहे. त्यांची खालची रबरे झिजली आहेत. ती बदलल्याशिवाय कोणाला देऊ नयेत, ओल्या फरशीवर घसरतात.