मुलांच्या खेळांतील हिंसा : ख्रिस्ती आईबापांनी काय ठरवावे?



अलीकडे पुष्कळ मंडळ्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो. मोबाइलवरील ज्या व्हिडिओ गेममध्ये बंदुकीने माणसे मारावयाची असतात, ते लहान मुलांस खेळू द्यावेत काय? कोणी म्हणतात, हा सैतानाचा सापळा आहे, फोन विहिरीत टाका. कोणी म्हणतात, खेळ तो खेळ. लेकरू शांत बसते व आईला भाकऱ्या थापता येतात, एवढे पुरे. या दोन्ही मतांत विचारापेक्षा घाई अधिक आहे. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपली मुले ज्यास ‘पबजी’ म्हणतात तो खेळ मोबाइलवर २०१८ साली आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात, एकमेकांस मारतात, आणि अखेरीस जो जिवंत राहील तो जिंकतो. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ साली तो निराळ्या नावाने परत आला, २०२२ साली पुन्हा बंद झाला व २०२३ साली पुन्हा सुरू झाला. सरकारने बंदी घातली की आपली चिंता मिटली असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२० ची ती बंदी देशाच्या सुरक्षिततेसाठी होती, लेकरांच्या मनाच्या काळजीस्तव नव्हती. परत येताना या खेळाने अठरा वर्षांखालील मुलांस आईबापांची संमती व दिवसाला तीन तासांची मर्यादा असा नियम लावला. परंतु वय विचारणार यंत्र आणि उत्तर देणार मूल! खोटी जन्मतारीख लिहून जे लेकरू आत शिरते, त्याने पहिली गोळी झाडण्यापूर्वीच पहिले पाप केलेले असते.

हा वाद आजचा नव्हे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा रक्तपाताचा खेळ १९९२ साली निघाला, तेव्हा अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली त्याची चौकशी झाली, व १९९४ पासून तेथे खेळांवर वयाचे शिक्के मारण्याची पद्धत पडली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने असे खेळ अल्पवयीनांस विकण्यास मनाई करणारा कायदा केला. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरविला. म्हणजे निवडीचा भार फिरून घरावरच येऊन पडला.

आता विद्वानांचे म्हणणे पाहू. १९६१ साली आल्बर्ट बंडुरा यांनी तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाने फुगविलेल्या बाहुल्यास बदडलेले ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी पुढे तसेच केले. मूल पाहते ते करते, हे आपल्या आजींस ठाऊक होतेच. तथापि बाहुले मारणे व माणूस मारणे यांत फार अंतर आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत असे खेळ व मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली ठरविले की, आरडाओरडा व धक्काबुक्की यांच्याशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो, परंतु खरोखरच्या घोर हिंसेचे खापर त्यांच्यावर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही. म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, हा खेळ खेळणारा मुलगा खुनी होतो असे उपासनेत सांगू नये. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्या विरोधकासंबंधानेही पाळावयाची असते.

तर मग हे खेळ निरुपद्रवी ठरले काय? नाही. मूल उद्या कोणाचा जीव घेईल काय, एवढाच प्रश्न ख्रिस्ती आईबापांपुढे नसतो. आज ते कशात आनंद मानावयास शिकत आहे, हाही प्रश्न आहे. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस जे सत्य, शुद्ध व प्रशंसनीय आहे त्याचे मनन करण्यास सांगितले, ते याच कारणास्तव.

येथे कोणी म्हणेल, अंगणातली मुलेही काठ्यांच्या तरवारी करून लढतात, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात. त्यात काय वाईट? काही वाईट नाही. परंतु अंगणात एकाला खरोखर लागले व तो रडू लागला की खेळ थांबतो. काठी टाकून दुसरा त्याच्याजवळ जातो. त्या रडण्यातून मुलास कळते की समोरच्यालाही आपल्यासारखेच दुखते. पडद्यावर मेलेला कोणी असा रडत नाही. त्याला आई नाही, घर नाही. तो पडला म्हणजे गुण वाढतात, एवढेच. हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरडले असे पवित्र शास्त्र सांगते. या खेळांतील भूमी मुकी आहे.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. शास्त्रातही युद्धे आहेत. दावीद व गल्याथ यांची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत पाच वर्षांच्या मुलांस सांगतो. हे खरे आहे. परंतु शास्त्र तेथेच थांबत नाही. शौल आपला वैरी असूनही दाविदाने त्याच्यासाठी शोक केला. बंड करणारा अबशालोम मेला तेव्हा विजयाचा दिवस रडण्याचा दिवस झाला. आणि ज्या हातांनी पुष्कळ रक्त सांडले त्यांस मंदिर बांधू दिले गेले नाही. हिंसेची किंमत जी गोष्ट सांगते ती मुलास शहाणे करते. जी किंमत लपविते ती त्यास बधिर करते.

यावरून आमचा निर्णय असा आहे. ज्यास खरे व खोटे यांतील भेद अजून पक्का समजत नाही, अशा लहान मुलास माणसे मारण्यात मौज असलेला खेळ देऊ नये. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खेळाजवळ ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा वयाचा आकडा असतो. तो आधी वाचावा. वाचता येत नसेल त्याने मंडळीतील शिकलेल्या तरुणाकडून वाचून घ्यावा. मोठ्या मुलांच्या बाबतीत आईबापांनी एकदा शेजारी बसून तो खेळ स्वतः पाहावा व मग ठरवावे. थोरला भाऊ खेळत असेल तर धाकट्यादेखत खेळू नये. करिंथकरांस पौलाने नैवेद्याच्या मांसाविषयी हेच शिकविले : आपली मोकळीक दुर्बळ भावास अडखळण होऊ नये. आणि फोन काढून घेतला तर त्या जागी काही द्यावे. चेंडू, विटीदांडू, बापाबरोबर शेताकडे एक फेरी. रिकामा हात फार वेळ रिकामा राहत नाही.

शेवटची गोष्ट अप्रिय आहे, तरी सांगितली पाहिजे. ज्या घरात बाप दारू पिऊन आईवर हात टाकतो, त्या घरातील लेकराने पडद्यावरील मारामारीपेक्षा फार वाईट मारामारी पाहिलेली असते, व तेथे रडणारे माणूस खरे असते. अशा बापाने मुलाच्या हातून फोन हिसकावून त्यास चोप दिला, तर त्याने काय शिकविले? गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्रास तरवार परत म्यानात घालावयास सांगितले. पेत्र तर प्रभूच्याच रक्षणार्थ लढत होता. आपल्या मुलांच्या हातांतील खोटी बंदूक खाली ठेवविण्यापूर्वी आपण आपला हात खाली आणू या. लहानांस अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जो कडक इशारा दिला, तो खेळ विकणाऱ्यांस लागू आहे, तसाच घर चालविणाऱ्यांसही लागू आहे. प्रत्येक कुटुंबास हे ओळखण्याची बुद्धी देव देवो.