स्वतःच्या जबाबदारीवर

शाळेच्या नव्या इमारतीचा पाया मृगाआधी भरून घ्यावा, एवढीच माझी इच्छा होती. देणगीदारांनी पैसे दिले होते, गवंडी ठरला होता. जुन्या कौलारू वर्गांत पावसाळाभर बाक सरकवत शिकवावे लागते. तेव्हा घाईला कारणही होते. नकाशे बांधकाम खात्याकडे मंजुरीसाठी पडून होते आणि अग्निशमन अधिकाऱ्याचा अभिप्राय यायचा होता. तोवर निदान जोत्यापर्यंतचे काम सुरू करू द्यावे, असा अर्ज मी केला.

त्या खात्यातला अधिकारी माझा जुना विद्यार्थी. ‘काय रे’ म्हणतच मी त्याच्या खोलीत शिरलो, हे कबूल केले पाहिजे. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. सही मात्र देईना. अखेर मी म्हणालो, ‘स्टँपपेपरवर लिहून देतो. पुढे नकाशा बदलावा लागला तर सगळी जबाबदारी माझी.’

तो शांतपणे म्हणाला, ‘सर, पैशाची जबाबदारी तुम्ही घ्याल. पण जिना मुलं उतरणार आहेत.’

मी रागावूनच घरी आलो. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द आपण किती सहज लिहून देतो! पुराच्या पाण्यात एकट्याने उडी घेणाऱ्याला आपण धाडसी म्हणू. खांद्यावर दुसऱ्याचे मूल घेऊन उडी घेणाऱ्याला काय म्हणू? स्वतःचा धोका पत्करण्याचा हक्क माणसाला आहे. दुसऱ्याच्या वतीने तो पत्करण्याचा हक्क मुख्याध्यापकाच्या सहीनेही मिळत नाही.

कोणी म्हणेल, पाया म्हणजे काही इमारत नव्हे. पण खांब कुठे येणार, जिना कुठून चढणार, हे पायातच ठरते. आमच्या नकाशात एकच जिना होता आणि अग्निशमन अधिकाऱ्याची शंका नेमकी त्याबद्दल होती. पाया भरून झाल्यावर त्याने ‘नाही’ म्हटले असते, तर संस्थाचालक, देणगीदार आणि मीही पहिला त्याच्यावर तुटून पडलो असतो. खर्च झालेला पैसा सर्वांत मोठा वकील असतो. घाईने दिलेली परवानगी उद्याच्या नकाराचे हात आजच बांधून ठेवते.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले गेली. स्वयंपाकघरातली ठिणगी, वर गवती छप्पर आणि उतरायला अरुंद जिना. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. त्या ९४ जणांपैकी कोणीही कसलाही स्टँपपेपर लिहून दिला नव्हता.

तरीही लवकर दिलेली प्रत्येक परवानगी वाईट, असे मी म्हणणार नाही. मुंबईत प्रारंभ प्रमाणपत्र आधी जोत्यापर्यंतच मिळते आणि जोते तपासल्यावर पुढचे. टप्प्याटप्प्याने जाण्यात शहाणपण आहे. मात्र ज्या टप्प्यात जिन्याचा निर्णय होतो, त्याआधी आगीचा विचार करणाऱ्याचे म्हणणे ऐकलेले असावे. इमारत उभी कशी राहील हे एक अधिकारी पाहतो, ती पेटल्यावर माणसे बाहेर कशी पडतील हे दुसरा.

आणि अधिकाऱ्यांनाही एक सांगायला हवे. फाईल नुसती दाबून ठेवणे म्हणजे सावधपणा नव्हे. तिकडे फाईल पडून असते तेव्हा इकडे मुले गळक्या कौलांखाली भिजत असतात. नकाराला लेखी कारण हवे आणि निर्णयाला तारीख हवी. नाहीतर त्याच अधिकाराची टेबलाखालची किंमत ठरू लागते. माझ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच आठवड्यात अग्निशमन अधिकाऱ्याला जागेवर आणले आणि आक्षेप कागदावर दिला, म्हणून त्याचा नकार मी मानला.

मृग टळला. यंदाही आम्ही बाक सरकवले. दिवाळीनंतर खोदाई सुरू होईल. दुसऱ्या जिन्यासाठी एक वर्गखोली सोडावी लागली आहे. जिच्यावर एका देणगीदाराच्या आईचे नाव यायचे होते, नेमकी तीच. त्यांना हे समजावून सांगणे, ही मात्र खरोखर माझी जबाबदारी.