तत्क्षणी

सरकारी टिपणीत ‘तत्काळ’ हा शब्द आम्ही किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. तत्काळ म्हणजे कधी आठवडा, कधी महिना, हे लिहिणारा व वाचणारा दोघेही जाणून असत. निवृत्तीनंतर समा येथील घरी निवांत वाचन करताना या शब्दाने आम्हांस पुन्हा अडवले, आणि तेही पदार्थविज्ञानाच्या दारात.

२०२३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि आन लुइलिये या तिघांना मिळाले, ते प्रकाशाचे अतिअल्पकालीन स्पंद निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी. हे स्पंद अ‍ॅटोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे अब्ज भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा अब्ज. तो एक अ‍ॅटोसेकंद. स्पंद निर्माण होण्याची रीत वेधक आहे. प्रखर लेसरचे विद्युतक्षेत्र अणूतील वा रेणूतील इलेक्ट्रॉनाला बंधनातून बाहेर खेचते. लहर उलटताच तोच इलेक्ट्रॉन माघारी लोटला जातो आणि वाटेत कमावलेली ऊर्जा घरी पोचताना प्रकाशरूपाने टाकून देतो. सारी येरझार जेमतेम दीड-दोन हजार अ‍ॅटोसेकंदांची. रेणूच्या बाबतीत तर आणखी एक नवल घडते. हायड्रोजनच्या रेणूतील दोन्ही केंद्रके तेवढ्या अवधीतही एकमेकांपासून दूर सरकतात; परतलेल्या इलेक्ट्रॉनाला सोडलेले घर जसेच्या तसे सापडत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २००६ साली हे त्या बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरूनच ताडले. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ वा सासर असलेल्या इंदुरातही, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंपासून असा प्रकाश मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत.

परंतु आमचे मन गुंतले ते दुसऱ्याच गोष्टीत. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सुटतो, मध्ये काळ जात नाही, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. २०१० साली निऑनवरील प्रयोगात दोन निरनिराळ्या कक्षांतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये सुमारे २१ अ‍ॅटोसेकंदांचे अंतर आढळले. म्हणजे ज्याला आपण ‘तत्क्षणी’ म्हणत होतो, त्याच्याही पोटात मागेपुढे होते.

क्षणाची ही चिकित्सा आपल्याकडे नवी नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात परमाणूने एक स्थान सोडून लगतचे गाठावे, तेवढा काळ म्हणजे क्षण, असे म्हटले आहे. आणि मुहूर्त, अहोरात्र ही केवळ बुद्धीने बांधलेली मोळी, असेही. सारे क्षणोक्षणी नष्ट होते हे बौद्ध मत ज्यात हिरिरीने मांडले आहे, तो शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह १९२६ साली आपल्या बडोद्यातच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या या उपक्रमाकडे आपण नातवंडांना क्वचितच नेतो, हे जाता जाता. क्षणिकवादाला जुना आक्षेप असा की, करणारा त्याच क्षणी संपला तर फळ कोणी भोगायचे? शांतरक्षिताचे उत्तर असे की, बीजातून अंकुर यावा तशी कारणांची परंपरा चालू राहते, तीच पुरे. आम्हांस हे उत्तर तर्काला पटते, पण सुटका देत नाही.

कारण आमच्याही नोकरीत एक क्षण आहे. अतिवृष्टीनंतर पडलेल्या घरांसाठी मदतीचे अर्ज आम्ही घेत होतो. मुदत आदल्या सायंकाळी संपलेली. सकाळी एक वृद्धा आली; ओढ्याला पाणी असल्याने वाट बंद होती, असे म्हणाली. आम्ही अर्जावर ‘मुदतबाह्य’ असा शेरा मारला. पुढे कित्येक वर्षे आम्ही स्वतःस समजावीत आलो की, ते घाईत, एका क्षणात घडले. विचाराला वाव नव्हता. आणि शेरा मारणारा तो तरुण अधिकारी तरी आता कुठे उरला आहे?

इलेक्ट्रॉनाला विवेक नसतो, म्हणून त्याच्या विलंबावरून माणसाला दोषी ठरवणे हे अलंकार झाले, तर्क नव्हे; एवढे आम्हांस कळते. मेंदूतील घडामोडींपुढे अ‍ॅटोसेकंद कोठेच लागत नाही, तेथील हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांचा. पण त्यामुळे आमची बाजू उलट अधिकच दुबळी होते. मुदत ही बुद्धीने बांधलेली मोळी होती, बांधणारे आम्हीच होतो, आणि गाठ सैल करण्याचा अधिकार नसला तरी वरिष्ठांस शिफारस लिहिण्याचा होता. शेऱ्याची शाई वाळली, तिने अर्जाची घडी घातली, पदराच्या टोकात बांधली आणि ती पायऱ्या उतरू लागली. त्यात निदान एक मिनिट गेले असेल. तेवढ्यात तिला हाक मारता आली असती.