किक मारण्याआधी

दिवाळीची झाडलोट निघते, गोठ्याच्या कोपऱ्यातली पोती हलतात आणि मागून राजदूत मोटारसायकल निघते. कुंभार पिंपळगावच्या या उसाच्या पट्ट्यात एके काळी दुधाचे कॅन, युरियाची गोणी, लग्नाचे पाहुणे अशा गाडीनेच वाहिले. घरात हौशी पोरगा असला की धूळही न पुसता सीटवर चढतो आणि दणादण किक मारतो. घोटाळा तिथेच होतो.

एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून काढलेली १७५ सीसीची राजदूत दणकट, यात वाद नाही. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून जातं, दमट हवा शिरते, रिंगा गंजून बोअरला चिकटतात. अशा वेळी जोर लावला की रिंग तुटते, बोअरवर चरे पडतात आणि साफसफाईवर भागणारं काम लेथवर जातं.

जाणता मिस्त्री किकला हात लावत नाही. आधी प्लग काढतो. त्या भोकातून चमचाभर ऑईल सोडतो आणि रात्रभर गाडीकडे फिरकत नाही. सकाळी स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाकतो आणि मागचं चाक हाताने फिरवून बघतो. जरा पुढे, जरा मागे. अडलं की थांबतो. पुन्हा ऑईल, पुन्हा वाट. मग केव्हातरी हाताला लागणारा अडथळा सैल पडतो आणि भोकातून काळपट ऑईल फस्सकन बाहेर उडतं. पुढचं काम चिकाटीचं: सायलेन्सरमधलं उंदराचं घर, पॉइंटवरचा गंज, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखं बसलेलं जुनं पेट्रोल. प्लग हेडला टेकवून निळी ठिणगी दिसली की मिस्त्री चहा मागवतो.

आता पेट्रोलही पहिलं राहिलं नाही. २०२५ पासून त्यात २० टक्के इथेनॉल आहे. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरांना मानवत नाही. ज्या उसाने घरात पैसा आणला, त्याचाच अर्क जुन्या गाडीला बाधावा, हेही खरंच.

माणसांच्या बाबतीत आपण त्या पोराहून शहाणे आहोत, असं मला वाटत नाही. लांबलेल्या दुखण्यातून उठलेल्याला आठवड्यात शेतात बघायचं असतं. बांधावरून भावाभावांचं बोलणं बंद असतं, आणि मध्यस्थ पहिल्याच बैठकीत दोघांना गळाभेट घ्यायला लावतो. तिथे काय चिकटलंय, काय गंजलंय, कोण बघतो? वाईट हेतू कुणाचाच नसतो. घाई मात्र सगळ्यांना असते.

जवळच जांब समर्थ आहे. लग्नाच्या मांडवातून निघून गेलेले रामदास चोवीस वर्षांनी तिथे घरी आले, तेव्हा दृष्टी गेलेल्या आईसमोर ‘मी आलो’ म्हणून उभे ठाकले नाहीत; कुणी गोसावी यावा तशी दारातून हाक दिली, असं परंपरा सांगते. गावोगाव बलोपासनेचे मारुती बसवणारा हा माणूस. पण स्वतःच्या घरात शिरताना त्याने जोर वापरला नाही, हे मला त्या मारुतींइतकंच मोलाचं वाटतं.

तेव्हा तुमच्याही गोठ्यात अशी गाडी असेल, तर किक शेवटी मारा. जुनं पेट्रोल काढून टाका. नव्यात टू-टी ऑईल मिसळायला विसरू नका. सुरू झाली की लगेच मूठ पिळू नका. धूर भरपूर होईल. तो आत सोडलेल्या ऑईलचा असतो, थोड्या वेळाने विरळ होतो. आणि ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.